शांघायमध्ये दरमहा ५०,००० युआन : चौघांच्या कुटुंबाला पुरतील का?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा समजतो. आपण चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागाचे व्यवस्थापक आहात. शांघायमधील एका युरोपीय कंपनीने आपल्याला तीन वर्षांसाठी करपूर्व दरमहा ५०,००० युआन देऊ केले आहेत. पत्नी पुण्यात नोकरी करतात, मुले सहा आणि अकरा वर्षांची आहेत, आणि घरभाडे व शाळा यांविषयी प्रस्तावाच्या पत्रात एक अक्षरही नाही. एका युआनचे साधारण बारा रुपये धरले तर ही रक्कम महिना सहा लाख रुपये होते. शांघाय पुण्याच्या अडीच-तीन पट महाग आहे असे आपण कुठेतरी वाचले आहे आणि त्या मानाने पगार भरपूर आहे असे आपल्याला वाटते.

शांघाय आणि शेजारचे सुझोऊ शहर या पट्ट्यात भारतीय अभियंत्यांच्या नेमणुका, पगाराची रचना आणि कुटुंबांचे स्थलांतर हे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या आधारे उत्तर आधी देतो आणि हिशेब नंतर मांडतो. हा पगार एकट्या माणसाला उत्तम आहे आणि मूल नसलेल्या जोडप्याला चांगला आहे. शाळेत जाणारी दोन मुले सोबत असतील आणि शाळेचे शुल्क कंपनी भरणार नसेल, तर तो अपुरा आहे, आणि ही तूट काटकसरीने भरून निघण्यासारखी नाही. ‘अमुक शहर तमुकपेक्षा इतके पट महाग’ असे सांगणारे आकडे भाजी, दूध, बसभाडे आणि हॉटेलातील जेवण यांची सरासरी काढतात. परदेशी कुटुंबाचा चीनमधील खर्च मात्र सरासरीने वाढत नाही. बहुतेक बाबी पुण्याच्या दीडपट-दुपटीत बसतात आणि दोनच बाबी, म्हणजे शाळा आणि घर, सगळे अंदाजपत्रक कोलमडवतात.

प्रथम हातात किती पडेल ते पाहू. चीनमध्ये प्राप्तिकराचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. २०१९ च्या सुधारणेनंतर वर्षाला ६०,००० युआनची सरसकट वजावट मिळते आणि उरलेल्या उत्पन्नावर ३ ते ४५ टक्के असा सात टप्प्यांत कर लागतो. आपल्याला ज्याची झळ बसेल तो ३० टक्क्यांचा टप्पा करपात्र उत्पन्न ४,२०,००० युआनच्या पुढे गेले की सुरू होतो. याशिवाय २०११ पासून परदेशी कर्मचाऱ्यांनाही सामाजिक विमा कायद्याने लागू आहे. त्याच्या अंमलबजावणीत शहरागणिक फरक राहिला असल्याने आपल्या कंपनीत तो कापला जातो का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. शांघायमध्ये कर्मचाऱ्याचा वाटा निवृत्तिवेतनासाठी ८ टक्के, वैद्यकीय विम्यासाठी २ टक्के आणि बेरोजगारी विम्यासाठी अर्धा टक्का असा आहे, पण तो शहराच्या सरासरी वेतनाच्या तिप्पट मर्यादेपर्यंतच मोजतात. अलीकडच्या वर्षांत हे सरासरी वेतन महिना १२,३०० युआनच्या आसपास असल्याने ही मर्यादा सुमारे ३७,००० येते आणि कपात महिन्याला ३,९०० युआनच्या जवळ जाते. या हिशेबाने वर्षाच्या ६,००,००० युआनमधून विम्याचे सुमारे ४६,६०० आणि कराचे सुमारे ९५,१०० वजा झाले की ४,५८,३०० उरतात, म्हणजे महिन्याला सरासरी ३८,२०० युआन.

‘सरासरी’ हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. कर दरमहा सारखा कापला जात नाही. जानेवारीपासूनचे उत्पन्न एकत्र करून त्यावर चढत्या दराने कर काढतात, त्यामुळे आपल्या पगारावर जानेवारीत सुमारे १,६०० युआन कर कापला जाईल, तर डिसेंबरात १२,३०० च्या वर. जानेवारीत हातात ४४,५०० आणि डिसेंबरात ३३,८००, असा फरक पहिल्यांदा पाहणाऱ्याला पगार कमी केल्यासारखा वाटतो आणि दर वर्षी कोणीतरी नवा कर्मचारी त्याची तक्रार घेऊन येतोच. ही पद्धत कॅलेंडर वर्षात १८३ किंवा अधिक दिवस चीनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. आपण ऑगस्टमध्ये गेलात तर पहिल्या वर्षी करदृष्ट्या अनिवासी ठराल आणि त्या महिन्यांचा कर महिन्यागणिक स्वतंत्र मोजला जाईल.

आता ज्या तरतुदीमुळे वाटाघाटीत खरा फरक पडतो तिच्याकडे वळू. परदेशी कर्मचाऱ्याचे घरभाडे, मुलांचे चीनमधील शिक्षण, भाषेचे शिक्षण आणि मायदेशी जाण्याचा प्रवास असे काही खर्च कंपनीने वाजवी प्रमाणात आणि पावतीच्या आधारे दिले, तर त्यांवर कर लागत नाही. ही सवलत बंद होणार असे दोनदा वाटले होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ती २०२७ च्या अखेरीपर्यंत वाढवण्यात आली. तिच्याऐवजी चिनी नागरिकांना मिळणाऱ्या वजावटी घेता येतात, म्हणजे प्रत्येक मुलामागे महिना २,००० युआन, मोठ्या शहरात भाड्यासाठी १,५०० युआन इत्यादी, पण एका वर्षात दोन्ही मार्ग घेता येत नाहीत. आपल्या कुटुंबाला पहिलाच मार्ग कित्येक पटींनी फायद्याचा आहे. समजा, कंपनीने एकूण रक्कम तीच ठेवली, पण करारात ३५,००० पगार आणि १५,००० पर्यंत प्रत्यक्ष घरभाड्याची भरपाई अशी विभागणी केली, तर विमा तोच धरूनही वर्षाचा कर सुमारे ४८,७०० युआनने कमी होतो. कंपनीला यासाठी एक युआनही जादा मोजावा लागत नाही.

शाळेच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक दिसतो. समजा, कंपनी दोन्ही मुलांच्या शुल्कापोटी ५,००,००० युआन द्यायला तयार झाली. ते तिने शाळेला परस्पर दिले तर त्यावर कर शून्य. तेच ‘शिक्षण भत्ता’ म्हणून पगारात रोख मिळवले, तर आपले करपात्र उत्पन्न ४५ टक्क्यांच्या टप्प्याला जाऊन टेकते आणि त्या पाच लाखांवर सुमारे १,७०,००० युआन जादा कर बसतो. म्हणून मनुष्यबळ विभागाने ‘सगळे एकत्र करून मोठा आकडा देतो, तुम्ही हवे तसे खर्च करा’ असे म्हटले तर त्या मोठ्या आकड्याला भुलू नये.

या सवलतीसाठी जी पावती लागते ती कर खात्याच्या नमुन्यातील अधिकृत पावती असते. तिला तेथे ‘फापिआओ’ म्हणतात आणि दुकानातील साधी पावती तिच्या जागी चालत नाही. शाळा ती सहज देतात. घरमालक मात्र कुरकुर करतात, कारण फापिआओ दिली की त्यांना भाड्याच्या उत्पन्नावर कर भरावा लागतो. घर पाहताना दलाल जे भाडे सांगतो ते बहुधा फापिआओशिवायचे असते आणि ती मागितली की काही टक्के वाढ सांगितली जाते. घर पसंत करण्याआधी ‘फापिआओसह किती?’ हा प्रश्न विचारावा. करारावर सही झाल्यानंतर तो विचारून उपयोग नसतो.

शाळेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपला निर्णय येथेच ठरणार आहे. शांघायमधील शाळांचे परदेशी पालकाच्या दृष्टीने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार परदेशी पारपत्रधारक मुलांसाठीच परवानगी असलेल्या आंतरराष्ट्रीय शाळांचा. शांघाय अमेरिकन स्कूल किंवा डलिच कॉलेज ही त्यांतील परिचित नावे. तेथील वार्षिक शुल्क इयत्तेनुसार साधारणपणे अडीच ते साडेतीन लाख युआन असते, आणि अर्जाचे दोन-तीन हजार युआन, शाळेची बस, जेवण, गणवेश व सहली हे सगळे त्याशिवाय. दोन मुलांचे मिळून पाच लाखांच्या खाली क्वचितच भागते. आपला वर्षाचा संपूर्ण हातातला पगार ४,५८,३०० आहे हे लक्षात घेतले की मी ‘काटकसरीने भागणार नाही’ असे का म्हटले ते कळेल.

दुसरा प्रकार खासगी द्विभाषिक शाळांचा. त्यांचे शुल्क लाख-दीड लाख ते दोन लाखांच्या घरात असते, त्यामुळे त्या मधला मार्ग वाटतात. परंतु पहिली ते नववी हे तेथे सक्तीच्या शिक्षणाचे टप्पे आहेत आणि त्या इयत्तांत या शाळांना राष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवावा लागतो. २०२१ नंतर याबाबतचे नियम अधिक कडक झाले आहेत. गणितासकट महत्त्वाचे विषय चिनी भाषेत चालतात आणि सोबतच्या मुलांना चिनी लिपी बालवाडीपासून येत असते. काही सरकारी शाळांचे आंतरराष्ट्रीय विभागही आहेत आणि त्यांतील काहींचा दर्जा उत्तम आहे. तेथे शुल्क पहिल्या प्रकारापेक्षा कमी असते आणि प्रवेश परीक्षेची चुरस जास्त असते.

तिसरा प्रकार साध्या सरकारी शाळेचा. परदेशी मुलाला तेथे प्रवेश मिळू शकतो, पण तो आपण कोणत्या भागात राहता, निवासाची कागदपत्रे काय आहेत आणि जागा उरली आहे का यांवर अवलंबून असतो. खर्च नगण्य असतो. आपल्या धाकट्यासाठी हा पर्याय मी लगेच बाद करणार नाही. ३१ ऑगस्टपर्यंत सहा वर्षे पूर्ण झालेली मुले १ सप्टेंबरला पहिलीत बसतात, म्हणजे तो इतरांसोबतच सुरुवात करील. सहाव्या वर्षी मुले भाषा पटकन उचलतात, मात्र संध्याकाळचा गृहपाठ करून घेणारे चिनी जाणणारे कोणीतरी घरी लावावे लागते. थोरल्यासाठी हा मार्ग नाही. शांघायमध्ये प्राथमिक शाळा पाच वर्षांची असल्याने अकराव्या वर्षी मूल माध्यमिकच्या पहिल्या वर्गात जाते, तेथून पुढे सगळा भर नववीनंतरच्या प्रवेश परीक्षेवर असतो, आणि भाषा न येणारे मूल त्या वर्गात केवळ बसून राहते. शिवाय तीन वर्षांनी परत येताना तो नववीच्या उंबरठ्यावर असेल. केंब्रिज किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांतून आलेले मूल सीबीएसईच्या अथवा राज्य मंडळाच्या शाळेत गणित-विज्ञानात सहसा तग धरते, परंतु मराठी आणि हिंदी लेखनाचा सराव घरी चालू ठेवला नसेल तर पहिली सहामाही जड जाते. हे काम पालकांनाच करावे लागते.

घराच्या बाबतीत आपल्याला निवड करण्यास वाव आहे. भारतीय आणि इतर परदेशी कुटुंबे गुबेई-होंगचाओ, पुडोंगमधील जिनचाओ आणि ल्यानयांग, किंवा मिनहांगमधील शाळांच्या आसपास राहतात. तीन खोल्यांच्या, सुमारे १२० ते १४० चौरस मीटरच्या चांगल्या घराचे भाडे या भागांत साधारण १५,००० ते २५,००० युआन असते. व्यवस्थापित सदनिका संकुलात ते याच्याही पुढे जाते. परदेशी कुटुंबांची संख्या घटल्यामुळे अलीकडच्या काळात भाडी उतरली आहेत आणि घासाघीस करायला जागा आहे, तिचा संकोच करू नये. मेट्रोच्या कडेने अर्धा तास बाहेर सरकले तर तेवढेच घर ९,००० ते १२,००० मध्ये मिळते, पण शाळेची बस तिथवर येते का ते आधी पाहावे. जाहिरातीतील क्षेत्रफळ आपल्याकडील सुपर बिल्ट-अपसारखे असते. जिना, लिफ्ट आणि सामाईक जागेचा वाटा त्यात धरलेला असतो, त्यामुळे १२० चौरस मीटर म्हणजे प्रत्यक्ष वापराचे ९० ते ९५ समजावे. अनामत एक ते दोन महिन्यांची, भाडे तीन-तीन महिन्यांचे आगाऊ आणि दलालाला महिन्याच्या भाड्याच्या ३५ टक्के ही तेथील सर्वसाधारण रीत आहे, म्हणजे १५,००० च्या घरासाठी पहिल्याच दिवशी ६५,००० ते ८०,००० युआन लागतात. पहिला पगार व्हायच्या आत एवढी रक्कम आपल्याजवळ नसेल, हे कंपनीला माहीत असते. अनामत कंपनीने भरावी किंवा पगारातून फेडण्याची आगाऊ रक्कम द्यावी, अशी मागणी रास्त समजली जाते.

हिवाळ्याचा उल्लेख पुण्याच्या माणसासाठी मुद्दाम करतो. चीनमध्ये सरकारी केंद्रीय तापनाची सोय छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेकडील शहरांपुरतीच आहे. बीजिंगला १५ नोव्हेंबर ते १५ मार्च घरे ऊबदार असतात आणि त्याचे शुल्क चौरस मीटरवर भरावे लागते. शांघाय त्या रेषेच्या दक्षिणेला असल्याने तेथे ही सोय नाही, आणि जानेवारीतील दमट थंडी घरातही तशीच राहते. जमिनीखालून तापवणारी व्यवस्था असलेले घर घेतले तर सुख मिळते, पण गॅसचे बिल त्या दोन-तीन महिन्यांत सहज दीड-दोन हजारांवर जाते. लहान मूल असेल तर तो खर्च करावा असे माझे मत आहे.

बाकीचे खर्च झपाट्याने आटोपतो, कारण त्यांनी कोणाचे गणित बिघडलेले मी पाहिलेले नाही. भाजी, फळे, टोफू, अंडी, शेंगदाणे आणि तांदूळ स्वस्त आणि ताजे मिळतात. तूरडाळ, कणीक, पोहे, रवा आणि मसाले भारतीय दुकानांतून किंवा ऑनलाइन मागवावे लागतात आणि त्यांचे दर पुण्याच्या दोन-तीन पट असतात. पनीर महाग, चीज आणि लोणी त्याहून महाग. घरी स्वयंपाक करणाऱ्या शाकाहारी चौघांना महिन्याला ५,००० ते ६,५०० युआन पुरतात. भारतीय रेस्टॉरंटमध्ये चौघांचे जेवण ४०० ते ६०० होते. नळाचे पाणी थेट पीत नाहीत, मोठ्या बाटल्या मागवतात किंवा गाळणयंत्र बसवतात. मेट्रोचे तिकीट ३ युआनपासून आणि व्यवस्था इतकी चांगली की गाडीचा विचारच करू नये. शांघायची पेट्रोल गाडीची नंबर प्लेट लिलावात घ्यावी लागते आणि ती ९०,००० युआनच्या आसपास जाते, शिवाय आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना तेथे चालत नाही. घरकामाला येणाऱ्या बाईंना ताशी ४० ते ५० युआन द्यावे लागतात, म्हणून रोजची धुणी-भांडी आपण स्वतः करायची आणि आठवड्यातून दोन-तीनदा त्यांना बोलवायचे, असा बहुतेक भारतीय घरांचा शिरस्ता आहे.

वैद्यकीय खर्चात मात्र गाफील राहू नये. सरकारी रुग्णालयात नोंदणी शुल्क किरकोळ असते, पण रांग आणि भाषा या दोन्ही अडचणी असतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांचे आंतरराष्ट्रीय विभाग, उदाहरणार्थ ह्वाशान रुग्णालयाचा, तपासणीला काही शे युआन घेतात. युनायटेड फॅमिलीसारख्या खासगी आंतरराष्ट्रीय रुग्णालयात नुसत्या तपासणीलाच हजाराच्या वर जातात, औषधे आणि चाचण्या वेगळ्या. वर सांगितलेला सामाजिक विमा फक्त आपल्याला लागू होतो, पत्नीला आणि मुलांना नाही. चौघांचा गट-आरोग्यविमा कंपनीच्या खर्चाने, आणि रुग्णालयाला परस्पर पैसे देणारा, हवा.

आता हे सर्व एकत्र मांडू. भाडे १५,०००, किराणा ६,५००, वीज-गॅस-पाणी-इंटरनेट-फोन १,८००, प्रवास १,२००, घरकाम २,६००, मुलांचे वर्ग व खेळ २,०००, बाहेर खाणे-फिरणे २,५०० आणि कपडे-औषधे-किरकोळ २,००० असे ३३,६०० युआन होतात. हातातल्या ३८,२०० मधून ४,६०० उरतात. भाड्याची करमुक्त विभागणी करून घेतली तर आणखी सुमारे ४,००० वाचतात. म्हणजे शाळेचा एकही युआन न धरता महिन्याला साडेआठ हजार शिल्लक, वर्षाला एक लाखाच्या आसपास, आणि त्यातून चौघांची भारतवारी. एका मुलाचे आंतरराष्ट्रीय शाळेचे शुल्कसुद्धा यात बसत नाही.

या शिलकीतून अजून एक रक्कम वजा करायची आहे आणि ती बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे पत्नींचा पुण्यातील पगार. कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयांना एस-१ प्रकारच्या व्हिसावर आणि नंतर खासगी कारणासाठीच्या निवास परवान्यावर राहता येते, पण त्यावर नोकरी करता येत नाही. त्यांना काम करायचे असेल तर स्वतःची नोकरी मिळवून स्वतःचा कार्य परवाना काढावा लागतो, त्यासाठी सर्वसाधारणपणे पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि मालकानेही तो परवाना काढून देण्याची तयारी दाखवावी लागते. इंग्रजी शिकवण्याची नोकरी हा पूर्वी ऐकू येणारा सल्ला आता कामाचा नाही. एक तर तो परवाना इंग्रजी मातृभाषा मानल्या जाणाऱ्या मोजक्या देशांच्या नागरिकांनाच सहसा मिळतो, आणि २०२१ च्या जुलैमध्ये खासगी शिकवण्यांवर आलेल्या निर्बंधांनंतर ते क्षेत्रच आक्रसले. पत्नींचे उत्पन्न महिना लाखभर रुपये असेल तर तीन वर्षांत छत्तीस लाख रुपये आणि नोकरीतील खंड, ही या स्थलांतराची किंमत आहे. प्रस्तावाची तुलना आपल्या एकट्याच्या सध्याच्या पगाराशी करू नये, दोघांच्या मिळून उत्पन्नाशी करावी.

शहर बदलून प्रश्न सुटेल का, असे आपण विचाराल. अंशतः सुटतो. कंपनीचे काम सुझोऊ, कुनशान किंवा चांगशू या बाजूला असेल तर सुझोऊच्या औद्योगिक वसाहतीत तसेच घर ६,००० ते ९,००० मध्ये मिळते, परिसर मोकळा आहे आणि वेगवान रेल्वेने शांघाय अर्ध्या तासावर आहे. भाड्यात वर्षाला लाखभर युआन वाचतात. पण तेथील आंतरराष्ट्रीय शाळांचे शुल्क त्या प्रमाणात उतरत नाही. बीजिंग आणि शेनचेनचे गणित शांघायपेक्षा फार वेगळे नाही, ग्वांगचौ काहीसे स्वस्त. शाओशिंगजवळचे कचाओ आणि यिवू येथे भारतीय कापड व किरकोळ मालाच्या व्यापाऱ्यांची मोठी वस्ती आहे, किराणा आणि सणवार यांची तेथे आबाळ होत नाही, पण ते व्यापारी पेढ्यांचे जग आहे आणि आपल्या क्षेत्रातील नोकरी तेथे सापडणे कठीण.

म्हणून कंपनीला उत्तर देताना मागण्यांचा क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी दोन्ही मुलांचे शाळा शुल्क, शाळेला परस्पर आणि शुल्कवाढीसह, कारण वर्षाला चार-पाच टक्के वाढ होतेच. ते मान्य होत असेल तर मूळ पगार ५०,००० वरून ४५,००० झाला तरी चालेल. यानंतर घरभाड्याची पावतीवर भरपाई, चौघांचा आरोग्यविमा आणि वर्षाला चौघांचे विमान तिकीट. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमाने २०२५ च्या ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली आहेत, तरी सणासुदीच्या काळात हा खर्च अजूनही मोठाच असतो. मुदतीआधी करार संपल्यास त्या शालेय वर्षाचे शुल्क आणि परतीचा खर्च कोणाचा, हे लेखी हवे. परदेशी कंपन्या आजकाल ‘स्थानिक अटींवर’, म्हणजे तेथील कर्मचाऱ्यांसारख्याच अटींवर, नेमणूक करण्याकडे झुकतात आणि परदेशी पाठवलेल्यांना मिळणारे जुने घसघशीत भत्ते दुर्मिळ झाले आहेत, हे खरे आहे. पण शाळेच्या बाबतीत त्या पूर्ण नकार देतातच असे नाही. निम्म्या शुल्काची तयारी दाखवली तर एकाच मुलाचे पूर्ण शुल्क मागावे आणि धाकट्याला पहिली दोन वर्षे सरकारी शाळेत घालण्याचा विचार करावा. काहीच मान्य झाले नाही, तर माझा सल्ला सरळ आहे : आपण एकट्याने जावे, कुटुंब पुण्यात ठेवावे आणि वर्षातून तीन वेळा घरी येण्याची तिकिटे मागून घ्यावीत. एकटे असताना ६,००० च्या छोट्या घरात राहून महिन्याला २०,००० युआनपेक्षा जास्त शिल्लक टाकता येते. किंवा प्रस्ताव नाकारावा.

कागदपत्रांपैकी एकाच गोष्टीबद्दल सावध करतो. पदवी, पोलीस दाखला, विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले साक्षांकित करून न्यावे लागतात. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव बदलते, विवाह प्रमाणपत्रावर माहेरचे नाव असते, पारपत्रावर सासरचे, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले असते. चिनी कार्यालयात अक्षरशः जुळणीच पाहतात. नावे एकच व्यक्ती दर्शवतात असे प्रतिज्ञापत्र आधीच करून, तेही साक्षांकित करून घ्यावे. तेथे पोहोचल्यावर बँक, मोबाइल आणि कर खात्याच्या ॲपमध्ये आपले तीन शब्दी नाव पारपत्रावरील क्रमानेच लिहिले जाते ना, हे काउंटरवरच तपासावे. तेथे पैशांचे सगळे व्यवहार फोनवरून होतात आणि नावात एका मोकळ्या जागेचा फरक असला तरी खाते जोडले जात नाही. मुक्कामी पोहोचल्यापासून चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद आणि प्रवेशानंतर तीस दिवसांत निवास परवान्याचा अर्ज, या दोन मुदती चुकवू नयेत.

भारताच्या बाजूने तारखेला महत्त्व आहे. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याचा त्या आर्थिक वर्षातील भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर तो अनिवासी ठरतो आणि चीनमधील पगारावर येथे कर लागत नाही. म्हणजे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उजाडण्याआधी निघालेले बरे. आंतरराष्ट्रीय शाळा ऑगस्टमध्ये सुरू होत असल्याने तसेही जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाणे सोयीचे पडते. भारत आणि चीन यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. आपण येथील कंपनीच्या पटावर राहून गेलात तर भविष्यनिर्वाह निधी येथे आणि सामाजिक विमा तेथे, अशी दुहेरी कपात होऊ शकते. आपला करार थेट शांघायमधील कंपनीशी असल्याने ती अडचण येणार नाही. घरी पैसे पाठवताना बँक पारपत्र, नोकरीचा करार आणि कर भरल्याची नोंद मागते. दर वर्षाची ती नोंद कर खात्याच्या ॲपवरून वेळच्या वेळी काढून ठेवावी.

शेवटची बाब परतीच्या वेळची. सामाजिक विम्यातील निवृत्तिवेतनाच्या वैयक्तिक खात्यात आपले जे ८ टक्के जमा होतात, ते चीन कायमचे सोडताना लेखी अर्ज करून परत घेता येतात. वरच्या हिशेबाने ते वर्षाला सुमारे ३५,५०० युआन, तीन वर्षांत लाखाच्या वर होतात. त्यासाठी करार संपल्याचे पत्र लागते आणि पैसे चिनी बँक खात्यातच येतात. म्हणून कार्य परवाना रद्द करण्याची आणि खाते बंद करण्याची घाई न करता, निघण्याच्या दीड-दोन महिने आधीच मनुष्यबळ विभागाकडे हा अर्ज द्यावा.